सगळे विचारतात, 'कोणाकडे आहेस?' वकिलीची सनद नसताना बारमध्ये ओळखी करायच्या कशा?

दहिवडीकरीण
११ जानेवारी, रात्री ९:५०

नमस्कार. दोन-तीन वर्षं नुसती वाचनमात्र होते, हा पहिलाच धागा. काही चुकलं तर सांभाळून घ्या.

पुण्यात तीन वर्षांच्या एलएलबीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आधी साताऱ्यातून बी.कॉम. घरात, भावकीत, अख्ख्या आळीत कोणी वकील नाही. वडिलांचं दहिवडीला खतांचं दुकान आहे. कोर्टाशी आमचा संबंध एकदाच आला, बांधाच्या भांडणात. तो दावा अजून चालू आहे.

कॉलेजातला एक सिनिअर म्हणाला, नुसती मूट कोर्टं (कॉलेजातले लुटुपुटीचे खटले) करून काही होत नाही, बार असोसिएशनमध्ये ओळखी वाढव. म्हणून मागच्या गुरुवारी मेट्रोने सिव्हिल कोर्टला उतरले आणि शिवाजीनगर कोर्टात गेले. बार रूमच्या दारात उभी राहिले. आत सगळे काळे कोट, कोणी डबा खातंय, कोणी पेपर वाचतंय. एका सरांनी विचारलं, "काय गं, कोणाकडे आहेस?" म्हणजे कोणत्या वकिलाच्या हाताखाली. म्हटलं, कोणाकडे नाही, विद्यार्थिनी आहे. "मग इथे काय काम?" रागाने नाही विचारलं, त्यांना खरंच कळेना. मलाही सांगता येईना. कँटीनला चहा घेतला आणि होस्टेलवर परत आले.

तर विद्यार्थ्याला बारचं सभासद होता येतं का? येत नसेल तर माझ्यासारखीने आत शिरायचं कुठून? आणि हे "ओळखी वाढव" म्हणजे नक्की काय करायचं असतं, हे कोणी फोड करून सांगेल का?

पुणेरी टाचणी
११ जानेवारी, रात्री १०:२०

आमच्या वेळी याला चहा पाजणे म्हणत. आता नेटवर्किंग म्हणतात. चहा तोच, बिल तेवढं वाढलं.

निशाणी पाच
११ जानेवारी, रात्री ११:३५

टाचणीबुवा, मुलगी पहिल्यांदा लिहितेय, जरा दमानं घ्या.

दहिवडीकरीणताई, आधी एक घोळ निस्तरू. बार कौन्सिल वेगळी, बार असोसिएशन वेगळी. कौन्सिल ही १९६१ च्या अधिवक्ता कायद्याखालची वैधानिक संस्था. आपली महाराष्ट्र आणि गोव्याची मिळून एक, मुंबईत. सनद ती देते, गैरवर्तनाची तक्रारही तिच्याकडेच. असोसिएशन म्हणजे त्या त्या कोर्टातल्या वकिलांनी चालवलेली संघटना: बार रूम, लायब्ररी, व्याख्यानं, दरवर्षीची निवडणूक. सभासदत्व सनदेनंतर. म्हणजे आज तुम्हाला दोन्हीकडे जागा नाही. त्या सरांना तुमचं काम कळलं नाही ते त्यामुळे.

पण बार रूम बंद असली तरी कोर्टाची खोली उघडी आहे. काही अपवाद सोडले तर आपल्याकडे कामकाज खुल्या न्यायालयात चालतं, मागच्या बाकावर कोणीही बसू शकतं. मी तिथूनच शिरलो, म्हणून माझीच गोष्ट सांगतो.

२००५ सालची गोष्ट. मी बारामतीकडचा, घरात वकील नाही. एकच दिवाणी कोर्ट धरलं आणि रोज साडेदहाला तिथल्या मागच्या बाकावर बसायचो. वहीत बोर्ड (त्या दिवशीच्या केसेसची यादी) उतरवायचा, पुकारा झाला की कोण उभं राहिलं, काय मागितलं, काय मिळालं, पुढची तारीख कोणती, सगळं लिहायचं. तीन आठवडे कोणी हिंग लावून विचारलं नाही. एके दिवशी एक वयस्क वकील धापा टाकत आले, वरच्या मजल्यावर उलटतपासात अडकले होते. त्यांच्या मॅटरचा पुकारा होऊन गेलेला. कोर्ट पुढच्या कामात, शिरस्तेदारांना विचारायची सोय नाही. मी हळूच म्हटलं, "सर, निशाणी पाचला समोरच्यांनी म्हणणं दिलेलं नाही, मुदत मागितली, दोनशे रुपये खर्चावर मिळाली, एकोणीस तारीख." त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि तोच प्रश्न विचारला. कोणाकडे आहेस? म्हटलं, कोणाकडे नाही. म्हणाले, उद्यापासून ये. त्यांच्याकडे अकरा वर्षं काढली. माझं इथलं नाव त्यावरूनच.

(वकील नसलेल्यांसाठी: दाव्यात तात्पुरत्या मनाईचा अर्ज सहसा पाच नंबरच्या निशाणीला असतो. दिवाणी बाजूचं निम्मं भांडण तिथेच होतं.)

माझं म्हणणं एवढंच की ओळख मागायला जाऊ नका. ज्याचं काम अडलंय त्याच्या शेजारी बसलेले असा.

शार्लटवासी
१२ जानेवारी, सकाळी ६:१५

इथलं चित्र अगदी उलटं आहे, म्हणून लिहितो. अमेरिकन बार असोसिएशन १८७८ पासूनची, आणि तिच्यात विद्यार्थ्यांचा वेगळा विभागच आहे. कायद्याला प्रवेश घेतला की सभासद व्हायचं. राज्यांच्या, शहरांच्या बार संघटनाही विद्यार्थ्यांना नाममात्र शुल्कात किंवा फुकट घेतात. पुतणी इथे शिकते. तिला शहराच्या बारने एक अनुभवी वकीलबाई मार्गदर्शक म्हणून जोडून दिल्यात, महिन्यातून एकदा दोघी जेवायला भेटतात. छातीवर नावाची पट्टी लावून संध्याकाळच्या मेळाव्याला जायचं, पाच जणांशी बोलायचं, दुसऱ्या दिवशी दोन ओळींची ईमेल टाकायची. "कोणाकडे आहेस" हा प्रश्नच येत नाही. संघटनेत असणं हीच ओळख. पुण्यात हे का होऊ नये?

पुणेरी टाचणी
१२ जानेवारी, सकाळी ८:०५

व्हावं की. पण छातीवर नावाची पट्टी लावून पुणेकराला भेटायला गेलात तर तो आधी पट्टीतली शुद्धलेखनाची चूक काढेल.

ओव्हाळ एकटा
१२ जानेवारी, दुपारी १:१०

निशाणी पाच, गोष्ट छान आहे. पण मीही मागच्या बाकावर बसलो होतो. दोन महिने. मलाही विचारलं कोणाकडे आहेस, आणि त्यानंतर लगेच विचारलं, आडनाव काय, गाव कोणतं. आडनाव सांगितल्यावर "बरं बरं" म्हणून विषय संपला. माझ्याबरोबर बसणाऱ्या मित्राला त्याच आठवड्यात चेंबर, म्हणजे वकिलाच्या ऑफिसात जागा, मिळालं, त्याचे मामा त्याच सरांच्या शेजारच्या सोसायटीत. वही माझी जास्त चांगली होती.

मेहनतीच्या गोष्टी जरूर सांगा. पण काही पोरांना बाकावर दुप्पट वेळ बसावं लागतं, हेही त्याच प्रतिसादात लिहा.

निशाणी पाच
१२ जानेवारी, रात्री १०:४५

ओव्हाळ, मान्य. लिहायला हवं होतं. माझ्या त्या सिनिअरांनी दुसऱ्या दिवशी मला आडनाव विचारलं होतं, आणि उत्तर त्यांना सोयीचं होतं, हे मी गोष्ट सांगताना दर वेळी गाळतो. आज पहिल्यांदा लिहिलं. तुम्ही पुढे काय केलंत?

ओव्हाळ एकटा
१२ जानेवारी, रात्री ११:२०

मोफत कायदेशीर मदत देणाऱ्या विधी सेवा प्राधिकरणाची वाट धरली. १९८७ च्या कायद्याखाली प्रत्येक जिल्ह्यात असतं. तिथे पॅरा लीगल व्हॉलंटिअर म्हणजे विधी स्वयंसेवक घेतात आणि कायद्याच्या विद्यार्थ्यांना त्यात जागा आहे, सनद घेईपर्यंत. नेमणूक झाली की थोडं प्रशिक्षण, मग शिबिरं, तुरुंगातले अर्ज, लोक अदालतीच्या दिवशी टेबलांवर मदत. मानधन किरकोळ. पण राष्ट्रीय लोक अदालतीच्या एका दिवसात मी जेवढे वकील पाहिले तेवढे दोन महिन्यांत बाकावरून दिसले नव्हते. बँकेचे, विमा कंपन्यांचे, चेक बाउन्सचे, सगळे एका आवारात, आणि सगळ्यांना कोणीतरी पक्षकार शोधून आणून द्यायला हवा असतो. तिथे "कोणाकडे" विचारलं तर सांगता येतं, प्राधिकरणाकडे. आडनावाच्या आधी काम पुढे येतं. आता माझी सनद होऊन सहा वर्षं झाली.

ताई, कलम १२ पण वाचून ठेवा. कोणत्याही स्त्रीला, उत्पन्न कितीही असो, मोफत विधी साहाय्य मिळू शकतं. तुमच्या बांधाच्या दाव्यात आईचं नाव असेल तर उपयोगी पडेल.

नक्कलवाला
१३ जानेवारी, सकाळी ११:००

माझे वडील तीस वर्षं वकिलांचे कारकून होते. मी वकील झालो नाही, पण कोर्टाच्या आवारात वाढलो. तुम्ही सगळे वकिलांशी ओळख करायच्या मागे आहात. कारकुनाशी करा हो! कुठल्या चेंबरला हात कमी पडतायत, कोणता ज्युनिअर सोडून चाललाय, कोण पोरांना राबवून घेतो आणि कोण शिकवतो, हे कारकुनाला आधी कळतं. नक्कल विभागाची खिडकी, फायलिंगचा काउंटर, नाझर, बेलीफ या सगळ्यांशी नमस्कार असू द्या. नमस्कारच हं. पैशाचं पाकीट कोणाच्या सांगण्यावरून कोणाला नेऊन देऊ नका, सिनिअरने सांगितलं तरी.

दुसरं म्हणजे ई-फायलिंग. पन्नाशीच्या पुढचे कितीतरी चांगले वकील स्कॅन, पीडीएफ, अपलोड यापुढे हात टेकतात. ज्या पोराला सोळा अंक-अक्षरांचा सीएनआर नंबर टाकून अख्खी केस काढता येते आणि फाइल नीट चढवता येते, त्याला बसायला खुर्ची मिळते.

कॉर्पोरेट पोपट
१३ जानेवारी, दुपारी ४:३०

मी लिटिगेशनमध्ये नाही, बाणेरला एका कंपनीच्या लीगलमध्ये आहे. हा सगळा खटाटोप कोर्टात उभं राहायचं असेल तरच. आमच्याकडे कोणी "कोणाकडे" विचारत नाही, करार वाचता येतो का ते विचारतात. ताई, आधी ठरवा.

तारखेची वाट
१३ जानेवारी, रात्री ९:१५

कोर्टात उभं राहायचं नसलेल्यांनाही आता राहावं लागतंय! मी न्यायाधीश परीक्षेच्या तयारीत. सदाशिव पेठेत अभ्यासिकेत बसायचं, पास व्हायचं, थेट जेएमएफसी (प्रथम वर्ग न्यायदंडाधिकारी), असा बेत होता. २० मे २०२५ ला सुप्रीम कोर्टाने तीन वर्षांच्या प्रॅक्टिसची अट परत आणली. तात्पुरत्या नोंदणीपासून मोजतात हे नशीब. पण त्या तीन वर्षांचा दाखला हवा, किमान दहा वर्षं जुन्या वकिलाचा, त्यावर त्या कोर्टाच्या प्रमुख न्यायिक अधिकाऱ्याची सही, किंवा थेट त्या अधिकाऱ्यांचाच. म्हणजे अभ्यासिकेतली आमची अख्खी रांग आता "कोणाकडे"च्या शोधात आहे. माझ्या टेबलावरच्या चौघांनी आजवर कोर्ट बाहेरूनच पाहिलंय.

साडेपाचची बस
१४ जानेवारी, दुपारी १२:४०

कौटुंबिक न्यायालयात चौदा वर्षं. बाई म्हणून लिहिते, कारण वर कोणी लिहिलं नाही.

ताई, इंटर्नशिप तुला करावीच लागणार. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या २००८ च्या नियमांत तीन वर्षांच्या कोर्सला किमान १२ आठवडे, पाच वर्षांच्याला २०. एका वर्षात सलग चार आठवड्यांपेक्षा जास्त नाही, आणि एकदा तरी खालच्या कोर्टात आणि अपिलात काम करणाऱ्या वकिलाकडे. ही सोय म्हणून बघ. चार आठवडे हे स्थळ बघण्यासारखं आहे, दोन्ही बाजूंनी. आवडलं नाही तर भांडण न करता निघता येतं.

मी निघाले नव्हते. दुसऱ्या वर्षाला एका चेंबरला चार महिने घासले. सकाळी टायपिंग, संध्याकाळी साडेआठपर्यंत थांबायचं, का तर "पक्षकार येणार आहेत". पक्षकार यायचे नाहीत. सर खुर्ची जवळ ओढायचे. त्यापलीकडे काही झालं नाही, पण होईल की काय या धास्तीत चार महिने गेले. शेवटी सर्टिफिकेटही दिलं नाही. नाव सांगणार नाही, विचारू नका.

म्हणून चेंबरला जाण्याआधी तिथे सध्या असलेल्या ज्युनिअर मुलीला गाठ. नसेल तर मागच्या वर्षी सोडून गेलेलीला. तिला फक्त "घरी किती वाजता पोचायचीस?" एवढंच विचार, बाकी ती आपणहून सांगेल. आणि हे लक्षात ठेव: २०१३ च्या लैंगिक छळ प्रतिबंधक कायद्यात प्रशिक्षणार्थीही येतात. चेंबरमध्ये दहापेक्षा कमी माणसं असतील तर अंतर्गत समिती नसते, तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे करायची. वकिलांचं चेंबर बहुतेक वेळा तसंच असतं.

ओळखींचं म्हणशील तर अध्यक्ष-उपाध्यक्षांच्या मागे जाऊ नकोस. ते वर्षाला बदलतात आणि त्यांना हजारो हात मिळवायचे असतात. तुझ्यापेक्षा तीन-चार वर्षं पुढे असलेली पोरं धर. त्यांना आत्ता काम झेपत नाहीये, आणि दहा वर्षांनी चेंबरं त्यांचीच असणार आहेत.

दहिवडीकरीण
१४ जानेवारी, रात्री १०:१०

बाप रे, एवढं सगळं. साडेपाचची बस मॅडम, तुमचा प्रतिसाद होस्टेलच्या ग्रुपवर टाकला, चालेल ना?

एक शंका. आमच्या वर्गातल्या एकाने "लीगल कन्सल्टंट" म्हणून कार्ड छापलीत, कट्ट्यावर वाटतो. म्हणतो हीच सुरुवात. छापू का?

निशाणी पाच
१४ जानेवारी, रात्री १०:३०

नका! सनद नसताना वकिली केली तर अधिवक्ता कायद्याचं कलम ४५ आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद. आणि सनद मिळाल्यावरसुद्धा बार कौन्सिलच्या नियम ३६ खाली काम मागत फिरणं, जाहिरात करणं, दलाल नेमणं, सगळं मना आहे. वकिलांमधली ओळख आणि पक्षकार गोळा करणं यांत फरक आहे. मित्राला सांगा, कार्डांच्या मागच्या कोऱ्या बाजूवर तारखा लिहाव्यात.

खाशाबांचा नातू
१५ जानेवारी, सकाळी ९:००

अवांतर: साताऱ्याहून पुण्याला येऊन वकिली करणाऱ्यांत आपल्या सार्वजनिक काकांचं नाव घ्यायला हवं. गणेश वासुदेव जोशी मूळ साताऱ्याचे. १८७० ला सार्वजनिक सभा काढली, १८७९ ला वासुदेव बळवंत फडक्यांचं वकीलपत्र घ्यायला लोक घाबरत होते तेव्हा हे उभे राहिले. त्यांना कोणी विचारलं असेल का, कोणाकडे?

विषयाला धरून: ताई, पुढे दहिवडीलाच जाणार असाल तर पुण्यातल्या ओळखींचा हिशेब वेगळा करा. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालंय, सातारा जिल्हा तिकडे. पुणे मात्र मुंबईकडेच. तुमची अपिलं कोल्हापूरला जाणार, पुण्याचे सिनिअर मुंबईला.

पुणेरी टाचणी
१५ जानेवारी, सकाळी ९:२५

पुण्याच्या खंडपीठाचा विषय काढू नका. धागा शंभरी गाठेल आणि खंडपीठ तरीही होणार नाही.

हरित पट्टा
१५ जानेवारी, दुपारी ३:५०

सगळे शिवाजीनगरभोवती फिरताय. पुण्यात हरित न्यायाधिकरणाचं पश्चिम विभागाचं पीठ आहे: महाराष्ट्र, गुजरात, गोवा सगळं इथे येतं. कर्जवसुली न्यायाधिकरण आहे, ग्राहक आयोग, कामगार न्यायालय, धर्मादाय, सहकार न्यायालय. तिथले बार लहान. जिल्हा न्यायालयात वर्षभर कोणाच्या लक्षात येणार नाही ते तिथे महिन्याभरात येतं. पर्यावरणाच्या प्रकरणांत नकाशे, ग्रामपंचायतीचे ठराव, पंचनामे मराठीत असतात आणि मांडायचं इंग्रजीत. मराठी नीट वाचून इंग्रजी नीट लिहिणारं माणूस मिळत नाही. बी.कॉम.वाल्यांनी कर्जवसुलीकडे बघावं, खातेउतारा वाचता येणं हे तिथलं अर्धं काम.

दहिवडीकरीण
२ मार्च, रात्री ८:३०

धागा वर काढतेय. काय काय केलं ते सांगायला हवं.

आधी फसलेलं. तीन मोठ्या वकिलांना ईमेल पाठवल्या, एकाचंही उत्तर नाही. बाकावर बसले, नऊ दिवस, मग सबमिशन आलं आणि खाडा झाला. विधी स्वयंसेवकाचा अर्ज दिलाय, अजून बोलावणं नाही.

मग बारच्या फलकावर व्याख्यानाची नोटीस दिसली, नव्या फौजदारी कायद्यांवर, संध्याकाळी, अशोका हॉलमध्ये. दारातल्या काकांना विचारलं, विद्यार्थी चालतील का. म्हणाले, बसा की, खुर्च्या रिकाम्याच असतात. पहिल्या वेळी गप्प बसून आले. दुसऱ्या वेळी प्रश्न विचारला: भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ प्रमाणे झडतीचं चित्रीकरण करायचं, पण पंचनाम्यात एक आणि चित्रीकरणात दुसरंच असेल तर आरोपीच्या वकिलाने आधी काय मागायचं? पाय लटपटत होते. उत्तर लांबलचक मिळालं, मला निम्मंच कळलं. पण नंतर चहाला एक ताई आल्या, पाच वर्षांची प्रॅक्टिस, फौजदारी. म्हणाल्या, प्रश्न बरा होता, कोणाकडे आहेस?

नक्कलवाले काका, या वेळी उत्तर होतं. म्हटलं, अजून कोणाकडे नाही, पण ई-फायलिंग येतं. (येत नव्हतं. रात्रभर बसून शिकले.)

आता शनिवारी आणि सुट्टीच्या दिवशी त्यांच्याकडे जाते. पानांना नंबर टाकणं, स्कॅन, कागदपत्रांची यादी. परवा जामीन अर्जाचा पहिला मसुदा दिला, त्यांनी चार ओळी ठेवल्या, बाकी लाल. चेंबरला अजून एक मुलगी आहे. घरी सात वाजता पोचते, विचारलं मी.

साडेपाचची बस
२ मार्च, रात्री ९:०५

चार ओळी ठेवल्या? माझ्या पहिल्या मसुद्यातलं फक्त शीर्षक ठेवलं होतं. पैसे देतात का गं? बार कौन्सिल ऑफ इंडियाने ऑक्टोबर २०२४ ला ज्युनिअरांसाठी शहरात महिना वीस हजार, ग्रामीण भागात पंधरा हजार असं सुचवलंय. सक्ती नाही आणि विद्यार्थ्यांना लागूही नाही, पण सनद झाल्यावर बोलताना आकडा माहीत असावा.

दहिवडीकरीण
२ मार्च, रात्री ९:२०

बसभाडं आणि जेवण. सनदेचं नंतर बघू. फीच्या नावाने आताच धडकी भरते, सिनिअर म्हणतात वीसेक हजार लागतात?

ओव्हाळ एकटा
२ मार्च, रात्री ९:४०

ते जुनं. ३० जुलै २०२४ चा सुप्रीम कोर्टाचा निकाल वाचा. कायद्यात लिहिलंय त्यापेक्षा जास्त नोंदणी फी घेता येत नाही: खुल्या प्रवर्गाला ७५०, अनुसूचित जाती-जमातींना १२५. माझ्या वेळी हे नव्हतं, व्याजाने पैसे काढले होते.

दहिवडीकरीण
२ मार्च, रात्री ९:५५

साडेसातशे?! बाबांना आत्ता फोन करते.

अजून एक, ताईंनी एप्रिलपासून चार आठवडे इंटर्नशिपला ये म्हटलंय. काळा कोट शिवायला टाकलाय. गळ्यातला पांढरा बँड पण घेऊ का? आणि पुस्तकं अप्पा बळवंत चौकातून जुनी घेतली तर चालतील?

निशाणी पाच
२ मार्च, रात्री १०:१५

कोट, टाय चालतो, नियमातच आहे. बँड नाही, तो सनदेनंतर.

पुणेरी टाचणी
२ मार्च, रात्री १०:२०

जुनी पुस्तकं जरूर घ्या, आधीच्या मालकाच्या खुणा फुकट मिळतात. फक्त फौजदारी नको, १ जुलै २०२४ पासून आयपीसी रद्दीत.

तारखेची वाट
२ मार्च, रात्री १०:३२

रद्दीत कशी? त्याआधीच्या गुन्ह्यांना आयपीसीच लागणार. शिवाजीनगरच्या बोर्डावर निम्म्या केसेस त्याच आहेत. अजून पंधरा वर्षं तरी लागेल ते पुस्तक.

पुणेरी टाचणी
२ मार्च, रात्री १०:४१

बरं. मग माझं विकायला काढत नाही.